ओहोळसाहेबांची शेवटची साक्ष

“नाही,” ओहोळसाहेब म्हणाले.

प्रश्न विचारताना मी मान खाली घातली होती, ती वर केली. त्यांचे डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडेच पाहत होते. खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या करुणाताई, त्यांची मुलगी, थर्मामीटर झटकत होत्या. त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

“बाबांना ऐकू आलं नसेल,” त्या मला म्हणाल्या. “परत विचार. जरा मोठ्यानं.”

मी परत विचारलं. प्रश्न ठरलेला होता, त्याचे शब्दही ठरलेले होते. प्रभूच्या घरी जाताना तुमच्या मनात तुमच्या तारणाची खात्री आहे का?

“पहिल्यांदाच ऐकू आलं होतं,” साहेब म्हणाले. “खात्री नाही.”

देवपिंपरीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत ही रीत कुणी सुरू केली ते मला शोधूनही सापडलं नाही. नगर जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या मंडळीत ती असल्याचं मी ऐकलेलं नाही. माणूस आता फार दिवसांचा सोबती नाही असं दिसलं, की पाळक किंवा पंचांपैकी कुणीतरी त्याच्याकडे जायचं, घरातल्या एखाद्याला समोर ठेवून हा प्रश्न विचारायचा, आणि जे उत्तर मिळेल ते दफनाच्या वेळी, कबरीत माती पडण्याआधी, सगळ्यांना ऐकवायचं. याला आम्ही शेवटची साक्ष म्हणायचो. घराण्याची अब्रू तीवर तोलली जायची. “आमची आजी विचारायच्या आधीच आहे म्हणाली होती,” असं सोयरीक जुळवताना सांगणारे लोक मी पाहिले आहेत.

हा प्रश्न आमच्याकडे जवळजवळ एका पिढीभर एकट्या ओहोळसाहेबांनीच विचारला होता. ते मंडळीचे पाळक होते तोवर, आणि निवृत्त झाल्यावरही लोक त्यांनाच बोलावत. त्यांनी ज्यांना ज्यांना विचारलं त्या प्रत्येकानं “आहे” म्हटलं होतं. आता त्यांनाच तो विचारायचा म्हणजे निव्वळ उपचार, असं मी वाटेनं येताना स्वतःला समजावलं होतं.

खरं तर हे काम माझं नव्हतं. नवे पाळक थोरात सभेसाठी नगरला गेले होते. वडील पंच कडूबा साळवे लेकीकडे श्रीरामपूरला होते. उरलो मी. मी मिशन हायस्कूलचा ग्रंथपाल होतो. चार माणसांसमोर माझी जीभ टाळूला चिकटते, हे मिशनच्या सगळ्या कंपाउंडला ठाऊक होतं. माझं अक्षर चांगलं म्हणून मला पंच केलं होतं, एवढंच. दुपारी करुणाताईंनी दवाखान्यातल्या आयाबरोबर निरोप पाठवला, तेव्हा मी पुस्तकांना पुठ्ठे चढवत होतो. हाताची खळ न धुताच निघालो.

करुणाताईंनी मला दंडाला धरून ओट्यावर आणलं. त्या मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होत्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. आईमागे बापाला त्यांनीच सांभाळलं होतं.

“हे तू कुठे बोलायचं नाहीस,” त्या म्हणाल्या. “ग्लानीत आहेत ते. तापात माणूस काहीही बोलतो.”

“ताप किती आहे, ताई?”

“ताप नाही,” असं त्या बोलून गेल्या, आणि मग मी विचारलं याचाच त्यांना राग आला.

त्यांचं बाकीचं बोलणं मी खाली पाहत ऐकलं. आसपासच्या साऱ्या गावांतून माणसं दफनाला येतील, त्यांतल्या निम्म्यांचा बाप्तिस्मा बाबांच्या हातचा आहे. ज्यानं त्यांना विश्वास शिकवला त्यालाच शेवटी तो नव्हता, असं ऐकून त्यांनी घरी जायचं का, असं त्यांचं म्हणणं होतं. ते चुकीचं होतं असं मला तेव्हाही म्हणता आलं नसतं. मी मान डोलावली. मी कुणासमोरही मान डोलावतो.

“आहे म्हणायचं,” त्या म्हणाल्या, “आणि गप्प बसायचं.” मग इंजेक्शन आणायला त्या दवाखान्याकडे गेल्या. बाबांजवळ बस, पण त्यांना बोलायला लावू नकोस, असं जाता जाता बजावून गेल्या.

मी आत येऊन स्टुलावर बसलो. ओहोळसाहेबांचं शरीर उंच आणि रुंद होतं. त्या दिवशी चादरीखाली ते जेमतेम जाणवत होतं. आवाज मात्र तोच होता. व्यासपीठावरून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज, आता फक्त हळू.

“करुणा तुला आहे म्हणायला सांगून गेली ना?”

मी बोटांवरची वाळलेली खळ खरवडू लागलो.

“सांगणारच. माझीच मुलगी आहे.”

मला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. तो त्यांनीच सांगितला. आवाज खालीवर न करता, एखाद्या सभेचा वृत्तांत वाचावा तसा.

ते नव्यानं पाळक झाले होते तेव्हा कंपाउंडातल्या एका तरुण विधवेला विषमज्वर झाला होता. तिला त्यांनी प्रश्न विचारला. ती म्हणाली, साहेब, मला भीती वाटते. दुसरं काही बोलली नाही. उंबऱ्यात तिचा सासरा उभा होता, पण त्याला ऐकू गेलं नव्हतं. कबरीपाशी तो म्हातारा त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, तेव्हा साहेबांना ते शब्द उच्चारता येईनात. त्यांनी सांगितलं, ती ‘आहे’ म्हणाली. म्हातारा त्यांच्या गळ्यात पडला.

“मग सोपं झालं,” साहेब म्हणाले. “बरेच जण खरंच आहे म्हणायचे. काही रडायचे, काही तोंड फिरवायचे. एकानं तर शिवी दिली.”

“शिवी?”

“सरळ आईवरून. त्याचंही मी आहे करून टाकलं. घरचं कुणी समोर असलं आणि त्यानं ऐकलं असलं, तरी कोण कशाला बोलेल? ती माणसं उलट माझे उपकार मानायची.”

मी स्टुलाची कड घट्ट धरून बसलो होतो. आमची दफनभूमी माझ्या चांगल्या ओळखीची आहे. तिथली कुठली कबर कुणाची आणि कुणाची साक्ष काय होती, हे मला पुस्तकांच्या जागांसारखं पाठ होतं. ती सगळी दफनभूमी माझ्या डोळ्यांसमोर उलथीपालथी झाली. यांतलं खरं कोणतं आणि साहेबांनी केलेलं कोणतं? आणि मग, विजेचा धक्का बसावा तसं, मला आईचं आठवलं.

माझी आई, इंदुमतीबाई, मिशनच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. मुली तिला वचकून असत. उत्तर बरोबर आलं तरी ते कसं आलं हे सांगता आलं नाही, तर ती गुण द्यायची नाही. मी शाळेत असतानाच ती गेली. शेवटच्या दिवशी मला आत जाऊ दिलं नव्हतं, मी अंगणात होतो. दफनाच्या वेळी साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं होतं, की बाई हसून ‘आहे’ म्हणाल्या.

हसून. मी त्या शब्दावर जगलो आहे, असं म्हटलं तर ते फार मोठं वाटेल, पण दुसरं कसं सांगू ते कळत नाही. मला स्वतःला तशी खात्री कधी लाभली नाही. उज्जीवन सभांतून वक्ते विचारायचे, ज्यांना आपल्या तारणाची खात्री आहे त्यांनी हात वर करा. भोवती हातांचं रान उगवायचं आणि माझा हात कोपरापर्यंत येऊन थांबायचा. मी प्रार्थना करायचो, शास्त्र वाचायचो, मोठमोठी भाष्यं वाचायचो. रात्री दिवा मालवला की वाटायचं, हे सगळं आपण नुसतं वाचलेलं आहे. अशा वेळी मी मनाशी म्हणायचो, निदान आईला तरी होती. थोडा हेवाही वाटायचा तिचा.

“साहेब,” मी म्हणालो, “माझ्या आईनं?”

त्यांनी डोळे मिटले. “तू विचारशील हे मला माहीत होतं. थोरात नगरला जाण्याची मी वाट बघत होतो. त्यांच्यासमोर मला हे बोलता आलं नसतं.”

“काय म्हणाली ती?”

“नाही म्हणाली.”

भिंतीवरच्या घड्याळाकडे मी बघत राहिलो. किती वाजले होते ते मला दिसत नव्हतं.

“आणि हसून?”

“हसून म्हणाली, ते खरं आहे.”

मी उठलो. उभ्या आयुष्यात मी कुणावर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. त्या दुपारी चढवला, आणि तोही मरणाच्या दारातल्या माणसावर. काय काय बोललो ते आज सगळं सांगता येणार नाही. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून खोटं बोललात, हे म्हणालो. माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं, हेही म्हणालो. त्यांनी मला एकदाही थांबवलं नाही. प्रत्येक वाक्याला “हो” म्हणत राहिले. “हो, सुमंत. हो.”

मी दारापर्यंत गेलो. तिथून परत का वळलो ते मला सांगता येत नाही. कदाचित आईच्या सवयीनं. उत्तरावर थांबायचं नाही, ते कसं आलं ते विचारायचं, ही तिची सवय.

“नुसतं नाही म्हणाली?” मी विचारलं. “पुढे काहीच नाही?”

“बोलली ना.” त्यांच्या कपाळाला आठी पडली. “पण मला ते उद्धटपणाचं वाटलं. शाळेत बोलायची त्याच सुरात बोलली. मी फारसं मनावर घेतलं नाही.”

“काय बोलली, साहेब?”

 मनावर घेतलं नाही म्हणणाऱ्या माणसाला ते शब्द इतक्या वर्षांनी जसेच्या तसे आठवत होते.

“म्हणाली, ‘खात्री मला का विचारता? मी माझ्यात रोज शोधते, मला काही सापडत नाही. मी कितीदा तरी त्याचा हात सोडलाय. त्यानं माझा सोडला की नाही, ते त्याला ठाऊक. खात्री असली तर त्याला असेल. त्याला विचारा.’ आणि हसली.”

मी परत स्टुलावर बसलो. 

साहेब बोलतच होते. बाई अविश्वासात गेली असं त्यांनी तेव्हाच धरलं होतं. दर ईस्टरला पहाटे आम्ही सगळे दफनभूमीत जमायचो, तेव्हा ते आईच्या कबरीशी इतरांपेक्षा जास्त वेळ थांबायचे. मला वाटायचं, बाईंबद्दल त्यांना विशेष आदर आहे. ते तिथे उभे राहून हरवलेल्या एका जिवासाठी रडायचे.

म्हणजे तिच्या कबरीच्या एका बाजूला ते उभे असायचे, तिची कीव करत. दुसऱ्या बाजूला मी, तिचा हेवा करत. आणि ती आम्हा दोघांच्या मध्ये.

मला हसू आलं की रडू, ते मला खरंच कळलं नाही. घशातून काहीतरी आवाज निघाला. साहेबांनी डोळे उघडले.

“साहेब,” मी म्हणालो, “तिनं सांगितलं होतं त्याला विचारा म्हणून. तुम्ही विचारलंत?”

“कुणाला?”

 त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी नंतर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. जन्मभर ज्या घरात राहिलो त्याला आणखी एक खोली होती, असं कुणी शेवटच्या दिवशी दाखवावं, तसं काहीतरी.

“नाही,” ते म्हणाले. “मी तिच्या खोलीतून बाहेर आलो तर तू अंगणात उभा होतास. चप्पल उलटी घातली होतीस. तुला बघितलं आणि तुला काय सांगायचं एवढंच ठरवत राहिलो.” थोड्या वेळानं म्हणाले, “स्वतःसाठीही कधी विचारलं नाही. मी आपला माझ्यातच शोधत होतो. प्रवचनाच्या वेळी सापडायचं. घरी आलो की नसायचं.”

बाहेर फाटकाची कडी वाजली. करुणाताई आल्या होत्या. साहेबांनी माझं मनगट धरलं. बोटं थंड होती, पण पकड पक्की होती.

“माझं मात्र खरं सांग. एक तरी साक्ष जशीच्या तशी जाऊ दे.”

आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या वेळेला चर्चची घंटा संथ वाजू लागली. ती कशाची हे कुणाला विचारावं लागलं नाही. थोरात पाळक दुपारच्या एसटीनं आले आणि आल्या आल्या त्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांना करुणाताईंनी सांगितलं असावं. थोरात तरुण होते, सरळ होते, आणि घाबरले होते. म्हणाले, “सुमंतराव, प्रकृती खालावल्यामुळे साक्ष घेता आली नाही, असं मीच सांगून टाकतो. यात खोटंही नाही फारसं.”

फारसं, हा शब्द त्यांनाही लागला असावा, कारण ते तिथेच अडखळले. मी पुन्हा मान डोलावली. पण पेटी उचलायच्या वेळी करुणाताई माझ्याजवळ आल्या आणि हळू म्हणाल्या, “थोरातांचं ऐकू नकोस. साक्ष झाली नाही असं म्हटलं तर लोक भलतंच धरतील. तू आहे म्हण. त्यांचं अख्खं आयुष्य तुझ्या तोंडात आहे, सुमंत.” डोळे सुजले होते त्यांचे. यापेक्षा त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

दफनभूमीत पाय ठेवायला जागा नव्हती. बैलगाड्या, ट्रॅक्टर, सायकली कुंपणापर्यंत लागल्या होत्या. कडूबा साळवेही येऊन पोचले होते. पेटी दोरांनी खाली उतरली. थोरातांनी प्रार्थना केली आणि ते माझ्याकडे न बघता आपणच बोलायला पुढे झाले. मी त्यांच्या आधी एक पाऊल टाकलं. मी टाकलं असं म्हणतो, पण ते कुणी टाकलं ते मला आजही ठाऊक नाही.

“ओहोळसाहेबांना मी प्रश्न विचारला,” मी म्हणालो. “दोनदा विचारला. ते पूर्ण शुद्धीवर होते. ते म्हणाले, खात्री नाही.”

बायकांचं रडणं एकदम थांबलं. मागून कुणीतरी “काय म्हणाला?” असं विचारलं, आणि दुसऱ्या कुणी ते हलक्या आवाजात सांगितलं. ‘नाही’ हा शब्द तोंडातोंडी मागे मागे, थेट कुंपणापर्यंत गेलेला मला ऐकू येत होता. एक म्हातारा मटकन खाली बसला. त्याच्या बायकोची साक्ष साहेबांनीच सांगितली होती. कडूबा साळवे माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी त्या खड्ड्यात थुंकलो होतो.

मला आईचं सांगायचं होतं. रात्रभर मी वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आलं नाही. जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. थोरातांनी घाईघाईनं गीत सुरू केलं. पहिल्या ओळीपर्यंत ते एकटेच गात राहिले आणि मग तेही थांबले.

“अजून आहे,” करुणाताई म्हणाल्या.

त्या बायकांतून पुढे आल्या. दवाखान्यात पुढच्या रोग्याला हाक मारायच्या तशाच कोरड्या आवाजात बोलल्या, आणि बोलल्या माझ्याकडे बघून, लोकांकडे नाही.

“काल तू गेलास, त्यानंतर बाबा भिंतीकडे तोंड करूनच पडले होते. सुई टोचली तरी वळले नाहीत. कुणाला तरी विचारत होते. ‘मी तुझा आहे का?’ एवढंच. परत परत तेच. दिवेलागणीपर्यंत. मला वाटलं, भ्रम झालाय. मी कुणाला सांगणार नव्हते.”

 थोरातांनीच शेवटी, अगदी लहान मुलासारखं विचारलं, “मग? उत्तर?”

“ते मला कसं ऐकू येणार?” करुणाताई म्हणाल्या. “मला विचारलं नव्हतं त्यांनी.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “पण रात्री झोपले. आणि सकाळी मला उठवून म्हणाले, करुणा, भूक लागलीय. किती दिवस पाण्यावर होते ते. वाटीभर पेज प्यायले. मीठ कमी आहे म्हणाले. मी मीठ घालून दुसरी दिली, तीही प्यायले, आणि वाटी पुढे करून म्हणाले, आणखी आण. मी चुलीपाशी गेले…”

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. त्या वाकल्या, आणि मातीची पहिली मूठ त्यांनीच टाकली.